निकाल झाका, निर्णय बघा: क्वार्टरबॅकची फिल्म कशी वाचायची

१ फेब्रुवारी २०१५, अ‍ॅरिझोनातलं ग्लेनडेल. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगचा अंतिम सामना, सुपर बोल ४९, संपत आला होता, भारतात सोमवार उजाडून लोक ऑफिसला निघाले होते. न्यू इंग्लंड पेट्रियट्स २८, सिअ‍ॅटल सीहॉक्स २४. बॉल सिअ‍ॅटलकडे, गोल लाइन १ यार्डावर, सेकंड डाउन, २६ सेकंद शिल्लक. त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चाल चालवून पास टाकणारा खेळाडू, रसेल विल्सनने उजवीकडे छोटासा पास टाकला. न्यू इंग्लंडच्या माल्कम बटलर या पहिल्याच वर्षाच्या कॉर्नरबॅकने, म्हणजे कडेला पास झेलणाऱ्यांना अडवणाऱ्या बचावपटूने, तो मधल्यामध्ये उचलला आणि मॅच तिथेच संपली.

तेव्हापासून या एका पासावर जेवढी शिवीगाळ झाली तेवढी क्वचितच कशावर झाली असेल. पण शिव्या नेमक्या कोणाला द्यायच्या? प्ले, म्हणजे चाल, निवडणाऱ्या कोचला, तो पास टाकायचं ठरवणाऱ्या विल्सनला, की बॉल जरा पुढे टाकणाऱ्या त्या हाताला? या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. टीव्हीवर त्या एकाच सेकंदात एकमेकींवर आदळतात, म्हणून आपल्याला एकच चूक दिसते. फिल्म बघायची म्हणजे त्यांची गाठ सोडवायची. हा लेख त्याबद्दल आहे. चार डाउन, दहा यार्ड आणि अकरा विरुद्ध अकरा एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. बटलरकडे शेवटी परत येऊ.

आधी योग्य फिल्म मिळवा

टीव्हीचा कॅमेरा बॉलच्या मागे धावतो. क्वार्टरबॅक बॉल घेऊन मागे येतो तेव्हा खोलवरचे सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागचे बचावपटू, चौकटीबाहेर असतात आणि पास झेलायला धावणारे रिसीव्हर पंधरा यार्ड गेले की तेही दिसेनासे होतात. म्हणजे क्वार्टरबॅक ज्यांच्याकडे बघून निर्णय घेतो, नेमके तेच आपल्याला दिसत नाहीत. तरी आपण सोफ्यावरून ‘अरे तो मोकळा होता!’ म्हणून ओरडतो.

हवी असते ती ‘ऑल-२२’. बावीसही खेळाडू एकाच चौकटीत, उंचावरून. तिचे दोन कोन असतात. एक साइडलाइनचा, ज्यात रूट (रिसीव्हरच्या धावण्याच्या वाटा) आणि कव्हरेज (त्यांना अडवायची बचावाची मांडणी) दिसतं. दुसरा एंड झोनच्या मागचा, ज्यात पॉकेट (क्वार्टरबॅकभोवतीचं अडवणाऱ्यांचं कडं), पावलं आणि हेल्मेटचं तोंड दिसतं. पूर्वी ही फिल्म कोच लोकांपुरतीच असायची. एनएफएलने २०१२ पासून ती आपल्या सशुल्क सेवेत प्रेक्षकांनाही दिली. मॅच संपल्यावर थोड्या उशिराने येते, आणि ते बरंच आहे. भारतात रविवारची दुपारची मॅच रात्री साडेदहाला सुरू होते, नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की साडेअकराला. त्या वेळी मॅच बघावी, आरडाओरडा करावा. फिल्म मंगळवारी, चहा घेऊन, डोकं थंड असताना.

ऑल-२२ नसेल तर टीव्हीच्या रिप्लेवरही पावलं आणि पॉकेट वाचता येतात. फक्त ‘दुसरा कोणी मोकळा होता का’ या प्रश्नाला हात घालू नका.

पहिली पायरी: प्ले न बघता परिस्थिती लिहा

डाउन, अंतर, यार्ड लाइन, स्कोअर, घड्याळ, उरलेले टाइमआउट. या सहा गोष्टी वहीत लिहिल्याशिवाय प्लेचं बटण दाबायचं नाही. कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही. सेकंड डाउनला दोन यार्ड हवे असताना खोलवर टाकलेला आणि खाली पडलेला पास म्हणजे फुकटात केलेला प्रयत्न. थर्ड डाउनला अकरा हवे असताना टाकलेला पाच यार्डांचा पास पूर्ण झाला तरी बहुतेक वेळा पंट करायची, म्हणजे बॉल लाथेने उडवून प्रतिस्पर्ध्याला द्यायची, वेळ आणतो. आकडेवारीत पहिला अपयश म्हणून लागतो आणि दुसरा यश म्हणून.

दुसरी पायरी: स्नॅपच्या आधी थांबवा आणि पैज लावा

स्नॅप म्हणजे बॉल मागे क्वार्टरबॅककडे जाऊन प्ले सुरू होणं. त्याच्या आधीच्या क्षणी चित्र गोठवा. क्वार्टरबॅकला जे दिसतंय तेवढंच तुम्हालाही दिसलं पाहिजे. लक्षात घ्या, हेल्मेटमधला कोचचा आवाज प्ले क्लॉकवर (प्ले सुरू करायच्या घड्याळावर) १५ सेकंद उरले की बंद होतो. त्यापुढे तो एकटाच असतो.

सगळ्यात आधी खोलवरचे सेफ्टी मोजा. एकच, मैदानाच्या मधोमध? मग बहुधा कव्हर १ किंवा कव्हर ३ (आकडा म्हणजे खोलवर राखणाऱ्या बचावपटूंची संख्या). दोन, हॅशच्या (मैदानावरच्या खुणांच्या दोन रांगांच्या) आसपास? मग कव्हर २ किंवा कव्हर ४. एकही नाही? मग सगळे मॅन-टू-मॅन (एकाला एक), मागे कोणी वाली नाही आणि ब्लिट्झ, म्हणजे जादा माणसांचा हल्ला, येतोय. मग कॉर्नरबॅक बघा. रिसीव्हरपासून किती अंतरावर आहेत, आतल्या खांद्याला उभे आहेत की बाहेरच्या? आतल्या बाजूला उभा राहणारा कॉर्नर मधली वाट अडवतो आणि साइडलाइनकडची मोकळी सोडतो. एखादा रिसीव्हर स्नॅपच्या आधी आडवा पळाला आणि त्याच्यामागे एक बचावपटू मैदानभर फिरला, तर बहुतेक वेळा ते मॅन असतं. सगळे जागच्या जागी थोडे सरकले, तर झोन, म्हणजे प्रत्येकाने आपापला भाग राखायचा.

हॅशकडेही नजर टाका, विशेषतः कॉलेज फुटबॉलमध्ये. तिथे दोन हॅशमध्ये ४० फुटांचं अंतर असतं, त्यामुळे बॉल एका हॅशवर असला की दुसऱ्या बाजूला माळरान पसरलेलं असतं. एनएफएलमध्ये हे अंतर साडेअठरा फूटच, म्हणून तिथे हा मुद्दा एवढा चालत नाही.

आता वहीत तुमचा अंदाज लिहा: ‘कव्हर ३, डावीकडून ब्लिट्झ’. मनात नको, लिहूनच. मनातला अंदाज नंतर सोयीने बदलतो, हे मी स्वतःवर पारखून पाहिलेलं आहे.

तिसरी पायरी: पहिला सेकंद

आता फिल्म फक्त एक सेकंद पुढे न्या आणि पुन्हा थांबवा. बॉलकडे बघू नका. सेफ्टी कुठे गेले ते बघा.

बचावाची सगळी लबाडी या एका सेकंदात असते. दोन सेफ्टी दाखवायचे आणि स्नॅप झाल्याबरोबर एकाने मध्यभागी मागे जायचं, दुसऱ्याने खाली उतरायचं. दोनाचा एक झाला. मैदानाचा जो मधला भाग उघडा वाटत होता तो बंद झाला. लेगस्पिनरने लेगब्रेकची अ‍ॅक्शन दाखवून गुगली टाकावी तसंच हे. चांगला फलंदाज मनगट बघतो, चांगला क्वार्टरबॅक सेफ्टीची पहिली तीन पावलं बघतो.

तुमचा अंदाज चुकला असेल तर खूण करा आणि खूश व्हा, कारण खरी परीक्षा अशाच प्लेमध्ये असते. दाखवलं तेच खेळलं गेलं तर निर्णय सोपा असतो. दाखवलं एक आणि खेळलं दुसरं, तेव्हा क्वार्टरबॅकने ते किती लवकर ओळखलं हे मोजा. एनएफएलमध्ये स्नॅपपासून बॉल सुटेपर्यंत सरासरी पावणेतीन सेकंदांच्या आसपास वेळ जातो. त्यातला एक सेकंद बचावाची चाल ओळखण्यातच गेलेला असतो.

चौथी पायरी: पावलं

आता एंड झोनचा कोन लावा. नवशिके हातावर नजर ठेवतात. माझ्या मते क्वार्टरबॅकचं मन पायांत दिसतं.

मागे जाण्याची पावलं रूटच्या लांबीशी बांधलेली असतात. क्वार्टरबॅक बॉल मागे देणाऱ्या सेंटरच्या पाठीशी उभा असेल तर ढोबळमानाने तीन पावलांना स्लँटसारखे झटपट रूट आणि पाच पावलांना कर्ल, आउट असे मधले. सात पावलं म्हणजे खोल. शॉटगनमध्ये तो आधीच मागे उभा असतो, म्हणून पावलं कमी होतात. शेवटचं पाऊल टेकलं की पहिल्या रिसीव्हरचा निर्णय व्हायला हवा. तो मोकळा नसेल तर क्वार्टरबॅक पुढे एक छोटीशी उडी घेतो, हिच, आणि खांदे दुसऱ्याकडे वळवतो. आणखी एक हिच, तिसरा. मग खाली रनिंग बॅक, म्हणजे चेकडाउन. या क्रमाला प्रोग्रेशन म्हणतात. हिच मोजल्या की तो कितव्या रिसीव्हरपर्यंत पोचला ते कळतं.

शेवटचं पाऊल टेकल्यावर तो बॉल हातात धरून तीन-चार हिच एकाच दिशेला घेत राहिला, तर तो पहिल्याच माणसावर अडकला आहे. निकाल टचडाउन असला तरी वहीत लिहा. पुढच्या महिन्यात एखादा सेफ्टी हीच खोड वाचून बॉल पळवणार आहे.

एक सावधगिरी. हेल्मेट डावीकडे आहे म्हणजे तो डावीकडचं वाचतोय असं नाही. कसलेले क्वार्टरबॅक सेफ्टीला हलवण्यासाठी मुद्दाम नको तिकडे बघतात. कसं ओळखायचं? पुन्हा पावलं. नजर डावीकडे आणि पुढच्या पायाचा चवडा उजवीकडे तयार असेल, तर ती थाप आहे. दोन्ही डावीकडे असतील तर तो खरंच तिकडे बघतोय.

पाचवी पायरी: त्याला विचारलेला प्रश्न शोधा

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण बहुतेक जण ही पायरी गाळतात. पास प्ले म्हणजे पाच जण पाच दिशांना पळाले असं नसतं. कुठल्या तरी एका बचावपटूला कात्रीत पकडायचा तो बेत असतो. तो बचावपटू सापडला की क्वार्टरबॅकला नेमकं काय विचारलं होतं ते सापडलं.

‘स्मॅश’ हा जुना आणि सगळीकडे दिसणारा प्ले घ्या. बाहेरचा रिसीव्हर पाच-सहा यार्ड पळून थांबतो आणि वळतो. त्याच्या आतला रिसीव्हर दहा-बारा यार्ड सरळ जाऊन बाहेर, कोपऱ्याकडे मोडतो. समोर कव्हर २ असेल तर त्या बाजूच्या कॉर्नरबॅकच्या इलाख्यात एक माणूस खाली आहे आणि एक त्याच्या डोक्यावरून जातोय. क्वार्टरबॅक रिसीव्हरकडे बघतच नाही, त्या कॉर्नरकडे बघतो. कॉर्नर मागे हटला तर खालचा पास, खालीच थांबला तर वरचा. हॅशवरून धावत येणारा सेफ्टी पोचण्याआधी.

क्वार्टरबॅकचं शेवटचं पाऊल टेकतं त्या क्षणी फिल्म थांबवा आणि कॉर्नरची कंबर बघा. कंबर गोल लाइनकडे वळली असेल तर त्याने खालचा पास सोडून दिलाय. छाती अजून क्वार्टरबॅककडे आणि गुडघे वाकलेले असतील तर वरचा मोकळा होणार. तिसरीही शक्यता असते. हुशार कॉर्नर दोन्हींच्या मधे तरंगत राहतो, कंबर अर्धवट ठेवून. असं दिसलं तर तिथे योग्य उत्तर ‘दुसऱ्या बाजूला बघ’ असं असू शकतं.

आता पहिली पायरी आठवा. थर्ड डाउन, अकरा यार्ड हवेत. कॉर्नरलाही ते माहीत आहे, म्हणून तो आरामात मागे सरकतो आणि सहा यार्डांचा पास आंदण देतो. पुस्तकी उत्तर खालचा पास. पण तो घेतला तर पाच यार्ड कमी पडतात. मी अशा वेळी ‘वाचन बरोबर, निर्णय परिस्थितीला धरून नाही’ असं लिहितो. मात्र खालचा रिसीव्हर एखाद्याला चकवून पुढे सुटेल एवढी जागा असेल, तर तेही लिहितो.

सगळे प्ले असे नसतात. मॅन कव्हरेजवर प्रश्न साधा असतो: कोणता रिसीव्हर आपल्या माणसापेक्षा सरस आहे? आरपीओ, म्हणजे धाव की पास हे स्नॅपनंतर ठरवायचं, त्यात बहुतेक वेळा एका लाइनबॅकरचं (मधल्या फळीतल्या बचावपटूचं) पुढचं पाऊल सगळं ठरवतं. तिथे फार खोलात जायची गरज नाही.

सहावी पायरी: फेकीच्या आधी थांबा, नंतर नाही

मोकळा रिसीव्हर शोधताना बहुतेक जण बॉल पोचल्यावर चित्र थांबवतात. हे वरातीमागून घोडं झालं. क्वार्टरबॅकला बॉल पोचतानाचं चित्र आधी दिसत नसतं. थांबवायचं ते हात मागे जायला लागतो तेव्हा.

थोडं गणित करा. जोरात फेकलेला बॉल ताशी ५५ मैलांनी जातो असं धरलं तर सेकंदाला साधारण २७ यार्ड. म्हणजे पंचवीस यार्डांच्या फेकीला जवळजवळ एक सेकंद. पूर्ण वेगात धावणारा कॉर्नर तेवढ्यात आठ-नऊ यार्ड कापतो. म्हणून हात मागे जाताना चार यार्ड मोकळा दिसणारा रिसीव्हर एक सेकंदाने झाकलेला असू शकतो. उलट, पाठीवर कॉर्नर असलेला रिसीव्हर पुढच्याच पावलात मोडणार असेल तर तो मोकळा आहे. कोण कुठे आहे यापेक्षा कोणाची पाठ वळलेली आहे आणि कोणाचा वेग कुठल्या दिशेला आहे, ते बघा.

सातवी पायरी: दबावाचा हिशोब

सॅक झाला, म्हणजे क्वार्टरबॅक बॉलसकट आडवा झाला, की त्याच्यासाठी अडवणाऱ्या लाइनवाल्यांना दोष देऊन मोकळं व्हायची पद्धत आहे. आधी डोकी मोजा. अडवणारे पाच आणि धावून येणारे सहा असतील तर एक जण सुटणारच. त्या सुटलेल्या माणसाला उत्तर द्यायचं काम क्वार्टरबॅकचंच: स्नॅपच्या आधी अडवणूक बदलून, किंवा झटपट पास देऊन. पाच विरुद्ध चार असताना कोणी दोन सेकंदांत आत घुसला, तर दोष लाइनचा. आणि साडेतीन सेकंद बॉल धरून बसल्यावर झालेला सॅक, माझ्या हिशोबात, मुख्यतः धरून बसणाऱ्याचा.

बॉल मुद्दाम बाहेर फेकून देणं हाही निर्णय आहे, आणि बऱ्याचदा सगळ्यात शहाणा. लाइनच्या टोकाच्या टॅकलच्या मूळ जागेबाहेर आलेला क्वार्टरबॅक बॉल स्क्रिमेज लाइनपर्यंत (जिथून प्ले सुरू झाला त्या रेषेपर्यंत) पोचवून फेकत असेल, तर दंड नाही. असा प्ले दिसला की मी वहीत टिकमार्क करतो.

आठवी पायरी: रकाने वेगळे ठेवा

माझ्या वहीत पाच रकाने असतात: प्ले, वाचन, निर्णय, फेक, निकाल. निकालाचा शेवटचा, आणि तो भरेपर्यंत आधीचे चार भरलेले असले पाहिजेत. एक ओळ अशी:

*३रा क्वार्टर / थर्ड डाउन, ६ / डावा हॅश / दोन सेफ्टी दाखवले, एक खेळला, माझा अंदाज चुकला / डावा स्लॉट (आतला रिसीव्हर) बघितला, सोडला, बरोबर / उजवा कर्ल, बरोबर / एक हिच जास्त, बॉल उशिरा / अपूर्ण*

आकडेवारीत ही ओळ फक्त ‘अपूर्ण पास’ आहे. माझ्याकडे ती दोन बरोबर आणि एक चूक आहे, आणि चूक वेळेची आहे, डोक्याची नाही.

आता बटलर याच रकान्यांत घाला. प्ले: सिअ‍ॅटलकडे तीन डाउन होते, पण टाइमआउट एकच. तिन्ही वेळा धावायचं म्हटलं तर घड्याळ पुरण्याची खात्री नाही. म्हणून एकदा तरी पास टाकणं हा हिशोब वेडगळ नव्हता. मार्शॉन लिंचसारखा धावणारा असताना नेमका मधल्या गर्दीतला पास निवडावा का, हा वाद आहे, पण तो कोचचा. वाचन: उजवीकडे दोन रिसीव्हर, जर्मेन कर्स पुढे, रिकार्डो लॉकेट मागे. कर्सने बटलरची वाट अडवायची, लॉकेटने आत सुटायचं. मात्र न्यू इंग्लंडच्या ब्रँडन ब्राउनरने कर्सला लाइनवरच धरून ठेवलं आणि वाट अडलीच नाही. फिल्म इथे थांबवा. विल्सनचा हात वर येताना लॉकेट आतल्या बाजूला मोकळा दिसतो, पण बटलरचं पुढचं पाऊलही पडलेलं आहे. त्या आठवड्याच्या सरावात हाच प्ले बटलरला चकवून गेला होता, त्यामुळे तो या वेळी थांबलाच नाही. निर्णय: झटपट प्लेमध्ये ब्राउनरचा धक्का दिसून पास रोखायला अर्धा सेकंदही नसतो. मी तो ‘चालेल’ मध्ये टाकतो. फेक: इथे मी गुण कापतो. एवढ्या गर्दीत बॉल रिसीव्हरच्या अंगावर, खाली हवा. तो पुढे गेला, जिथे बटलरला बरोबरीने झेपावता आलं.

याच्या अगदी उलट चित्र २३ जानेवारी २०२२ चं, कॅन्सस सिटी चीफ्स विरुद्ध बफेलो. १३ सेकंद उरलेले, चीफ्स ३ गुणांनी मागे, स्वतःच्या २५ यार्डांवर. गवंड्यासारखं एकावर एक रचलेलं काम. क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्सने टायरीक हिलला १९ यार्डांचा पास दिला, टाइमआउट, ८ सेकंद. मग ट्रॅव्हिस केल्सीला २५ यार्ड, टाइमआउट, ३ सेकंद. हॅरिसन बटकरचा ४९ यार्डांचा फील्ड गोल, बरोबरी, आणि ओव्हरटाइममध्ये ४२-३६. केल्सीचा पास बघताना स्नॅपच्या आधी थांबवा. बचावाने कडा सांभाळल्यात आणि मधली पट्टी रिकामी ठेवलीय. केल्सीने आखलेला रूट सोडून त्या पट्टीत घुसायचं दोघांमध्ये आयत्या वेळी ठरलं होतं. निर्णय फेकीच्या आधीच झालेला होता. हात फक्त त्याच्या मागून गेला.

प्रश्नचिन्हाचा रकाना

काही गोष्टी फिल्म सांगत नाही: कोणता प्ले बोलावला होता, कोचने आठवडाभर काय घोकून घेतलं होतं. त्यात आधुनिक खेळात बरेच रूट ऐच्छिक असतात. समोर मॅन दिसलं तर रिसीव्हरने मोडायचं, झोन दिसला तर थांबायचं. दोघांनी वेगळं वाचलं की बॉल अशा जागी जातो जिथे काळं कुत्रं नसतं, आणि क्वार्टरबॅक मूर्ख दिसतो. अशा प्लेपुढे मी ‘?’ लिहितो आणि पुढे जातो.

सुरुवातीला पूर्ण मॅच घेऊ नका. एकच क्वार्टरबॅक, एकच मॅच आणि त्यातले फक्त थर्ड डाउन. दहा-पंधरा प्ले होतात, दीड-दोन तास जातात. दुसऱ्या मॅचला तेच. तिसऱ्या मॅचला वही मागे उलटली की खोडी दिसायला लागतात: पहिला रिसीव्हर झाकला की हा कायम उजवीकडे पळतो, किंवा दोनाचा एक सेफ्टी झाला की याची एक हिच वाढते.

माझ्या जुन्या वहीत एका इंटरसेप्शनपुढे (बचावाने पळवलेल्या पासापुढे) मी ठसठशीत ‘क्वार्टरबॅकची चूक’ लिहून दोन रेघा मारल्या होत्या. बॉल सरळ लाइनबॅकरच्या छातीवर, आसपास रिसीव्हरच नाही. दोन आठवड्यांनी त्याच संघाने तीच मांडणी, समोर तेच कव्हरेज असताना पुन्हा खेळली. या वेळी रिसीव्हर बारा यार्डांवर थांबून वळला, आणि बॉल बरोबर त्याच जागी आला जिथे मागच्या वेळी लाइनबॅकर एकटा उभा होता. मी दोन आठवडे मागे गेलो, रेघा खोडल्या, आणि तिथे ‘?’ केलं.